बदक आणि टर्की, दोन्हीला एकच बंदूक

अमेरिकेत बदकं आणि टर्की दोन्हीच्या शिकारीसाठी एकच शॉटगन, म्हणजे छर्र्यांची बंदूक, घ्यायची असेल तर सरळ १२ गेज (नळीच्या रुंदीचं माप) पंप बघा, म्हणजे पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायची, ३ इंची चेंबर (काडतूस बसतं ती जागा), २६ इंची बॅरल आणि रंग मॅट, चकचकीत नळी उन्हात लांबून दिसते. साडेतीन इंचीचा हट्ट नको, खांदा सुजतो नुसता. खरी गंमत चोकची, म्हणजे नळीच्या तोंडाशी फिरवून बसवतात ती छोटी ट्यूब, बदकांना मॉडिफाइड, म्हणजे मध्यम आवळ, आणि टर्कीला फुल, म्हणजे जास्त आवळ. पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत, म्हणून बहुतेक जण स्टीलचे वापरतात, आणि स्टील टाइट टर्की चोकमधून मारलं तर नळी फुगू शकते, त्यामुळे सीझन बदलला की आधी चोक बदला, मी एकदा विसरलो होतो, मित्राने वेळेत बघितलं म्हणून वाचलो. बदकांना मॅगझिनमध्ये, म्हणजे जादा काडतुसं राहतात त्या नळीत, जागा कमी करणारा प्लगही हवा, बंदुकीत एकूण तीनच काडतुसं चालतात.