स्वतंत्र बँडचा पहिला दौरा: गाडी ठरवण्यापासून हिशेब मिटवण्यापर्यंत

पाच जणांचा पॉप-रॉक बँड आहे, सात-आठ गाणी स्वतःच प्रसिद्ध केली आहेत, पाठीशी ना लेबल ना मॅनेजर. आता शहराबाहेर पडायचंय. अशा वेळी सगळे आधी जागा शोधायला लागतात. त्याआधी एक आकडा काढा: एका कार्यक्रमामागे किती पैसे हातात पडले म्हणजे खिशातून काही जाणार नाही? तो माहीत नसताना दिलेले होकार दोन-तीन दौऱ्यांत बँडला कर्जात घालतात, आणि मग गाणी चांगली असूनही माणसं पांगतात.

पुण्याचा बँड धरू. पाच वादक आणि एक साउंड इंजिनिअर. गुरुवारी मुंबई, शुक्रवारी पुणे, शनिवारी कोल्हापूर, रविवारी गोवा आणि पुढच्या बुधवारी बेंगळुरू. नकाशावर हा मार्ग देखणा दिसतो. आता पैसे मांडू.

टेम्पो ट्रॅव्हलर किलोमीटरवर मिळते, पण बहुतेक गाडीमालक दिवसाला किमान ३०० किलोमीटरचं बिल लावतात, गाडी दारात उभी राहिली तरी. शिवाय दिवस रात्री १२ ला बदलतो. मुंबईचा कार्यक्रम आटोपून पहाटे चारला घरी पोचलात की दोन दिवस लागले. वरच्या मार्गात बेंगळुरूला जाताना हुबळीला आणि येताना बेळगावला मुक्काम धरला, तर गाडी नऊ दिवस बाहेर राहते. म्हणजे २,७०० किलोमीटरचं बिल. २५ रुपये दराने ६७,५००, चालकाचा भत्ता रोज ५०० प्रमाणे ४,५००, टोल, पार्किंग आणि परराज्याचा कर मिळून १२,०००. गाडीचेच ८४,००० झाले. सहा रात्री, तीन खोल्या, खोलीला १,८०० धरले तर ३२,४००. जेवण-चहा सहा जणांचा रोज ४५० प्रमाणे २४,३००. एकूण १,४०,७००. अडीअडचणीला दहा टक्के धरले की साधारण १,५५,०००. पाच कार्यक्रमांवर वाटले तर प्रत्येकी ३१,०००, तेही वादकांना एक रुपया न देता. आयोजकाने १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापला तर हातात ३१,००० पडण्यासाठी बिल साडेचौतीस हजारांचं लागतं. दर तुमच्या गावचे घाला, रीत हीच ठेवा.

आता यातून बेंगळुरू काढून बघा. गोव्याहून सोमवारी थेट परत आलात तर गाडी पाच दिवस, मुक्काम दोन. त्याच दरांनी खर्च ७७,००० च्या आसपास, म्हणजे चार कार्यक्रमांना प्रत्येकी १९,०००. याचा अर्थ तो एकटा बेंगळुरूचा कार्यक्रम तुम्हाला ७८,००० च्या आसपास पडत होता! नऊ दिवसांच्या सरासरीत ही गोष्ट दिसतच नाही. म्हणून प्रत्येक लांबच्या कार्यक्रमाचा जादा खर्च वेगळा काढायचा. बेंगळुरू सोडायचंच असं नाही. त्याच आठवड्यात म्हैसूर किंवा चेन्नईचा एक कार्यक्रम जोडा, किंवा तो टप्पा रेल्वेने करा आणि ड्रम, अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर) तिथेच भाड्याने घ्या.

रेल्वेने जाताना सामानाचा नियम पाहून ठेवा. स्लीपर आणि थ्री-टिअर एसीला माणशी ४० किलो मोफत, आणि स्लीपरच्या डब्यात नेण्याच्या पेटीचं माप १०० × ६० × २५ सेंटिमीटरपर्यंत. पेडलबोर्ड (गिटारच्या इफेक्ट पेडलांची पाटी), सिंबल, स्नेअर यात बसतात. ८८ पट्ट्यांचा कीबोर्ड बसत नाही. तो सामानाच्या डब्यात आधी बुक करावा लागतो. विमानाने गेलात तर स्वस्त कंपन्यांत चेक-इन सामान साधारण १५ किलोच असतं. वायरलेसच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायच्या.

शहरं निवडताना मित्रांच्या सांगण्यापेक्षा यूट्यूब स्टुडिओ आणि स्पॉटिफायच्या कलाकार-पानावरचे शहरवार आकडे बघा. नाशिकमध्ये तुमचे श्रोते दिल्लीपेक्षा जास्त निघाले तर आधी नाशिकला जा. आयोजकाला आठ-दहा आठवडे आधी मेल पाठवा. तीन संभाव्य तारखा, एकाच कॅमेऱ्याने न कापता घेतलेला तीन मिनिटांचा लाइव्ह व्हिडिओ, मागच्या कार्यक्रमाला किती तिकिटं गेली तो खरा आकडा, एवढं पुरे. स्टुडिओत सजवलेला व्हिडिओ पाहून आयोजकाला तुम्ही लाइव्ह कसे वाजता ते कळत नाही. नवीन गाणं दौऱ्याच्या आधी काढायचं असेल तर डिस्ट्रिब्युटरकडे (गाणी स्पॉटिफायसारख्या ॲपवर चढवणाऱ्या कंपनीकडे) चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी विनंती प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी जावी लागते, आणि अपलोडमध्ये चूक निघाली की आठवडा सहज जातो.

पब बहुधा शुक्रवार-शनिवार डीजेला राखून ठेवतात आणि नव्या बँडला बुधवार-गुरुवार देतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, मार्ग त्याप्रमाणे आखा. मराठी गाणी करणाऱ्या बँडला नाट्यगृहाचा पर्यायही खुला आहे. तिथे प्रेक्षक बसून ऐकतो, तिकीट काढून येतो. अडचण वेळेची असते. सत्रं ठरलेली असतात, दुपारचं नाटक संपून नेपथ्य हललं की मगच तुमचा ड्रम आत जातो. शिवाय तिथली ध्वनियंत्रणा संवादांसाठी लावलेली असते, बेसला लागणारे सबवूफर बाहेरून आणावे लागतात. मोकळ्या जागेवर कार्यक्रम असेल तर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद. सरकारने खास सूट दिलेले दिवस सोडून. म्हणून वेळापत्रक १० पासून मागे मोजत या. शेवटचं गाणं ९:५० ला संपायला हवं आणि त्याआधीचा बँड लांबला तर तुमची कोणती दोन गाणी गळणार हे घरीच ठरलेलं हवं.

करार दोन पानांचा असला तरी लेखी घ्या. मानधन, निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली कोणत्या तारखेला, राहणं-जेवण कोणाकडे, सात दिवसांच्या आत रद्द झालं तर आगाऊ रक्कम कोणाची, हे त्यात स्पष्ट असू द्या. तिकिटावर टक्केवारी असेल तर ती तिकीट-ॲपचं कमिशन आणि कर वजा करून की आधी, तेही लिहा. भांडणं याच एका ओळीवरून होतात. बरेच आयोजक बिल मिळाल्यावर ३० ते ४५ दिवसांनी पैसे देतात, म्हणून दौऱ्याचा सगळा खर्च आधी बँडच्या खात्यात साठलेला लागतो. पॅन दिला नाही तर टीडीएस २० टक्के कापला जातो. सेवांवर जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २० लाख आहे. त्याखाली असाल तर बिलावर जीएसटी लावू नका. पैसे एकाच सदस्याच्या यूपीआयवर घेण्याची सवय मोडा, नाहीतर वर्षअखेरीला सगळ्या बँडचं उत्पन्न त्याच्या एकट्याच्या विवरणपत्रात दिसतं.

आता रायडर, म्हणजे रंगमंचावर काय काय लागेल याची आयोजकाला आधी द्यायची मागणी. यात दोन कागद महत्त्वाचे: रंगमंचाचा आराखडा आणि इनपुट यादी (कन्सोलला, म्हणजे मुख्य ध्वनी-मिक्सरला, कोणते आवाज जोडायचे ती). पॉप-रॉक बँडची यादी साधारण अशी होते: किक, स्नेअर, हायहॅट, रॅक टॉम, फ्लोअर टॉम, दोन ओव्हरहेड (ड्रमच्या वर लावलेले माइक), बेस डीआयमधून (वाद्य थेट कन्सोलला जोडणारी छोटी पेटी), दोन गिटार अँप, कीबोर्ड डावा-उजवा, लॅपटॉपचे ट्रॅक डावा-उजवा, क्लिक (फक्त वादकांच्या कानात जाणारी तालाची टिक-टिक), मुख्य गायन, दोन साथीचे आवाज. अठरा चॅनेल झाले. छोट्या जागी कन्सोल बऱ्याचदा १६ चा निघतो, तेव्हा हायहॅट आणि एक ओव्हरहेड सोडा. छोट्या खोलीत हायहॅट गायकाच्या माइकमध्ये तसाही भरपूर येतो. कोणते दोन चॅनेल सोडायचे हे यादीतच लिहून ठेवलंत तर ऐन वेळी वाद होत नाही.

सगळ्यात जास्त घोळ क्लिकचा होतो. लॅपटॉपच्या साउंड कार्डला दोनच आउटपुट असतील तर डाव्या बाजूला ट्रॅक मोनो आणि उजव्या बाजूला क्लिक अशी विभागणी करतात. समोरच्या इंजिनिअरला दोन वायरी दिसतात, तो त्या स्टिरिओ जोडी समजून दोन्ही स्पीकरवर चढवतो, आणि पहिल्याच गाण्याला प्रेक्षकांना टिक-टिक ऐकू येते. उपाय साधा आहे. वायरीच्या दोन्ही टोकांना ठळक अक्षरांत ‘क्लिक – फक्त कानात’ अशी पट्टी चिकटवा, अशा दोन-आउटपुटच्या कार्डावर क्लिकची वायर ड्रमरच्या छोट्या मिक्सरमध्येच घाला, कन्सोलपर्यंत जाऊच देऊ नका. चार आउटपुटचं साउंड कार्ड परवडलं की लगेच घ्या, मग वरच्या यादीप्रमाणे ट्रॅक डावा-उजवा आणि क्लिक वेगळे निघतात.

दुसरा घोळ विजेचा, आणि हा जिवावर बेतू शकतो. अर्थिंग धड नसेल तर गिटार वाजवणाऱ्याचे ओठ माइकला लागताच झटका बसू शकतो, आणि अँप एका फेजवर व कन्सोल दुसऱ्या फेजवर असेल तर तो आणखी जोरात बसतो. साउंडचेकपूर्वी मल्टिमीटरने गिटारची तार आणि माइकची जाळी यांमधला एसी व्होल्टेज मोजा. काही व्होल्टच्या वर दिसलं तर माइकला हात न लावता आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. बॅकलाइन (रंगमंचावरचे अँप, कीबोर्ड वगैरे) आणि कन्सोल एकाच बोर्डावरून घेतले की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. घरघर घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढणारे लोक भेटतील. त्यांना ठाम नकार द्या. घरघर डीआय बॉक्सवरच्या ग्राउंड लिफ्टच्या बटणाने घालवायची असते. परदेशातून मागवलेला १२० व्होल्टचा अँप आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला तर जळतो, त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. पेडलबोर्डच्या पॉवर सप्लायची मिलिअँपिअरची बेरीजही करून बघा. साध्या ओव्हरड्राइव्हला १० पुरतात, डिजिटल डिलेला ३०० लागू शकतात, आणि कमी पडले की पेडल ऐन गाण्यात बंद पडतो.

जागेवरचा ड्रमसेट वापरला तरी स्नेअर, सिंबल, किक पेडल आणि काठ्या ड्रमरने स्वतःच्याच न्यायच्या. सोबत ठेवायचं: तारांचे चार संच, १४ इंची स्नेअरचं एक कातडं, ९ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, दोन जादा डीआय, तीन जादा माइक केबल, पाच सॉकेटचे दोन एक्स्टेन्शन बोर्ड, गॅफर टेप, सोल्डरिंग आयर्न. तारा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बदला. त्याच दिवशी बदललेल्या तारा मुंबई-गोव्याच्या दमट हवेत तासभर सूर सोडत राहतात. ॲकूस्टिक गिटार दुपारी बंद गाडीत ठेवू नका, उन्हाने सरस सुटून ब्रिज उचलला जातो.

साउंडचेकमध्ये शेवटी वाजवणारा बँड आधी तपासून घेतो आणि सगळ्यात आधी वाजवणारा शेवटी. पाऊण तास मिळाला तर ड्रम, बेस, गिटार, कीबोर्ड, गायन या क्रमाने जा, आणि मग सगळ्यात भरगच्च गाण्याचा कोरस व सगळ्यात शांत गाण्याचं पहिलं कडवं वाजवा. पंधराच मिनिटं मिळाली तर ड्रमवर वेळ घालवू नका. गायकाचा मॉनिटर (त्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) आधी नीट करा. बाकीचं पहिल्या गाण्यात इंजिनिअर सावरून घेतो, पण स्वतःचा आवाज ऐकू न येणारा गायक ओरडतो आणि तिसऱ्या दिवशी त्याचा घसा बसतो. सलग चार रात्री असतील तर वरच्या पट्टीतली गाणी एकामागोमाग लावू नका. सेट ४५, ६० आणि ९० मिनिटांचे असे तीन तयार असावेत. तासाभरात बोलणं धरून ११-१२ गाणी बसतात.

टी-शर्ट न्यायचे तर ५० पुरेत: एस ८, एम १६, एल १६, एक्सएल १०. विकायला बँडबाहेरचा एक माणूस लागतो, कारण लोक सेट संपल्यावरच्या वीस मिनिटांत घेतात आणि तेव्हा तुम्ही वायरी गुंडाळत असता.

हक्कांचं काम दौऱ्याआधी उरका. प्रत्येक गाण्यात कोणाचे किती टक्के, हे गाणं प्रसिद्ध होण्याआधी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं (त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सभासदत्व घेऊन गाणी नोंदवा, आणि कार्यक्रमानंतर वाजवलेल्या गाण्यांची यादी आयोजकाकडे व संस्थेकडे द्या. सार्वजनिक वादनाचा परवाना काढणं आयोजकाचं काम आहे, हे करारात लिहा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला वेगळा आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाची ओळख सांगणारा) क्रमांक हवा; त्याच गाण्याच्या ॲकूस्टिक आवृत्तीलाही नवा. बँडचं नाव ट्रेडमार्कच्या वर्ग ४१ मध्ये नोंदवा, आणि कोणी सोडून गेला तर नाव कोणाकडे राहील, हे सगळे एकत्र आणि खुशीत असतानाच लिहून ठेवा.

कार्यक्रम संपल्यावर सामान गाडीत चढायच्या आत आयोजकासोबत बसा. विकलेली तिकिटं, कापलेली रक्कम, बाकी आणि ती देण्याची तारीख एका कागदावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या, त्याचा फोटो काढा. बिल दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीतूनच मेल करा. दौऱ्याहून परतल्यावर आठवड्याच्या आत सगळ्यांना हिशेबाचा तक्ता दाखवा: प्रत्येक गावाचा खर्च वेगळा, येणं वेगळं, कोणाकडे किती बाकी. टीडीएस कापलेल्या प्रत्येक आयोजकाचं नाव आयकर खात्याच्या वार्षिक कर-पत्रकात (२६एएस) उमटलं का, हे तिमाही संपून दोन महिने झाले की तपासा. नसेल तर त्याच मेलवर आठवण पाठवा, बिल सोबत जोडून.