परदेशातलं भूत टेबलावर का गारठतं? भयखेळ लिहिताना या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात कॉलेज रोडवरच्या मित्राच्या घरी, समोर कूलर लावून, आम्ही पाच जण स्वालबार्डला जाऊन आलो. टेबलावरच, रोल-प्लेइंग खेळात: गेम मास्टर प्रसंग सांगतो, प्लेअर एकेक पात्र होऊन काय करायचं ते ठरवतात, आणि जमलं की फसलं ते फासे सांगतात. मी गेम मास्टर, चार प्लेअर, फासे, पात्राची माहिती लिहिलेली कॅरेक्टर शीट आणि मध्ये चिवड्याचा डबा. स्वालबार्ड म्हणजे नॉर्वेच्या मुख्य भूमीपासून बरंच उत्तरेला असलेला बर्फाळ बेटांचा समूह. तिथलं मोठं गाव लाँगइयरबायेन 78 अक्षांशावर, आपलं नाशिक 20 वर. महिनाभर खपून मी अ‍ॅडव्हेंचर लिहिलं होतं, म्हणजे खेळात घडणारी गोष्ट: पिरामिडेन ही 1998 साली बंद पडलेली रशियन खाणवस्ती, त्याच हिवाळ्यात तिथे अडकलेली चार माणसं आणि इमारतीत पाचवं कुणीतरी. दुसऱ्या तासाला एक प्लेअर आयपीएलचा स्कोअर बघत होता आणि माझ्या पाचव्याचं नाव ‘बर्फाळ बंड्या’ पडलं होतं.

मग ते अ‍ॅडव्हेंचर मी दोनदा मोडून पुन्हा लिहिलं. तुम्हीही दूरदेशी घडणारा भयखेळ लिहायला बसला असाल, तर मी कुठे कुठे आपटलो ते आधी बघून घ्या.

देखावा लिहिला, अंग विसरलो

पहिल्या मसुद्याचं पहिलं पान म्हणजे पांढरा बर्फ, उणे पंधराची थंडी, आकाशातले हिरवे प्रकाश, घोंघावणारा वारा. वाचायला झकास. पण मनालीला जाऊन आलेली मावसबहीण सोडली तर टेबलावर कुणीच बर्फात उभं राहिलेलं नव्हतं. त्यांच्यासमोर कॅलेंडरवरचं चित्र उभं राहिलं, आणि चित्राला कोण घाबरणार?

खेळ सावरला तो माझ्यामुळे नव्हे. निफाडकडे द्राक्षबाग असलेला मित्र सहज म्हणाला, “उणे पंधरा राहू दे रे. आमच्याकडे पारा चारवर आला ना, तरी रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसावं लागतं. पहाटे बोटं अशी आखडतात की शर्टाचं बटण लागत नाही.” टेबल एकदम गप्प झालं. निफाडची थंडी सगळ्यांच्या ओळखीची. मी तिथेच धागा पकडला: “मग बघ. हातमोजा काढल्याशिवाय तुला बंदुकीत गोळी भरता येत नाहीये, आणि काढलास तर लोखंडाला कातडं चिकटतंय.” पुढची वीस मिनिटं मोबाइल टेबलावर उलटे पडून होते.

तेव्हापासून कुठलाही प्रसंग लिहिताना मी तीन फालतू प्रश्न विचारतो. इथे पाणी कुठून येतं? दिवा कोण लावतं? बूट कुठे काढतात? शेवटच्या प्रश्नाने मला घबाड दिलं. लाँगइयरबायेनमधल्या बऱ्याच हॉटेलांत आजही दारातच बूट काढून आत जावं लागतं. खाणीतली कोळशाची काळी घाण आत येऊ नये म्हणून पडलेली ही सवय खाणी थंडावल्या तरी टिकली. नाशिकच्या माणसाला हे समजवायला काहीच लागत नाही, आपण आयुष्यभर तेच करत आलोय. एकदा तो देश असा घरचा वाटला, की मग फक्त एवढंच सांगायचं: तुम्ही चौघं आत आलात, बूट काढलेत. रॅकवर पाच जोड आहेत. पाचवा ओला आहे.

‘तिथल्या लोकांचा शाप’

ही चूक सांगायची लाज वाटते, पण सांगतो. पहिल्या मसुद्यात मी बर्फात राहणारी एक आदिम जमात घातली होती, तिचा मांत्रिक आणि त्याचा शाप. स्वालबार्डमध्ये मूळ रहिवासी कधी नव्हतेच! 1596 मध्ये विलेम बॅरेंट्सच्या डच मोहिमेने ही बेटं पाहिली, मग देवमासे मारणारे आले, शिकारी आले, कोळसा खणणारे आले. सगळे बाहेरचे, पोटामागे आलेले. मी न बघता शाप कुणाच्या तरी माथी मारून मोकळा झालो होतो.

उलटा विचार करा. कुणी परदेशी लेखकाने त्र्यंबकेश्वरात भयकथा रचली, त्यात प्रत्येक साधू खुनी आणि सिंहस्थाची सगळी गर्दी नरबळीला जमलेली दाखवली, तर आपण आधी हसू आणि मग चिडू. दूरच्या माणसाला भूत बनवणं हा आळस आहे, आणि टेबलावरच्या हुशार माणसांना तो वास लगेच येतो.

आपली भुतं तिकडे पाठवण्याचा मोहही असाच. मुंज्याला पिंपळ लागतो, आणि स्वालबार्डमध्ये उभं झाडच नाही. चकवा मात्र चालतो. बर्फाच्या वादळात जमीन आणि आकाश एकच पांढरं होतं, माणूस सरळ चाललोय असं समजून गोल फिरतो आणि स्वतःच्याच पावलांवर परत येतो. मी खेळात ‘चकवा’ हा शब्द एकदाही उच्चारला नाही. ज्यांच्या आजीने गोष्ट सांगितली होती, त्यांनी तो मनात उच्चारला.

आणि नेटवरची गंमत म्हणून फिरणारी माहिती पडताळल्याशिवाय लिहू नका. ‘या गावात मरायला कायद्याने बंदी आहे’ हे वाक्य मी मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं. मावसबहिणीने तिथल्या तिथे फोन काढून ते खोटं ठरवलं. असा कायदा नाही. खरी गोष्ट त्याहून अंगावर येणारी आहे. तिथली जमीन खाली कायम गोठलेली असते आणि गोठण्या-वितळण्याच्या चक्रात पुरलेलं हळूहळू वर ढकलते. म्हणून साधारण 1950 पासून तिथे शवपेटी पुरत नाहीत. 1918 च्या फ्लूत मेलेले सात तरुण तिथल्या स्मशानात आहेत. 1998 मध्ये, म्हणजे पिरामिडेनची खाण बंद पडली त्याच वर्षी, शास्त्रज्ञांनी विषाणूच्या शोधात त्यांच्या कबरी उघडल्या. जिवंत विषाणू काही मिळाला नाही. दोन्ही गोष्टी एकाच सालातल्या आहेत हे कळल्यावर मी माझा मांत्रिक फाडून टाकला. माणूस न पचवणारी जमीन आयती मिळाली असताना शाप कशाला?

सकाळ होईपर्यंत थांबू

प्लेअर अडकले की हमखास हे वाक्य येतं. आपल्या सगळ्या भूतकथांचा तोच करार आहे: कोंबडा आरवला की भूत गेलं. माझा खेळ डिसेंबरमध्ये घडत होता, आणि तरी मी पहिल्या मसुद्यात ‘पहाटे उजाडल्यावर’ असं लिहून बसलो होतो. लाँगइयरबायेनला ऑक्टोबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही. नाशिकचा सगळ्यात लहान दिवससुद्धा जवळपास अकरा तासांचा. आपल्याला ते डोक्याने कळतं, अंगाला कळत नाही.

दुसऱ्या वेळी मी ते आधी सांगितलंच नाही. त्यांना थांबू दिलं. पहारे लावू दिले, झोपू दिलं, फासे टाकू दिले. मग म्हणालो, “सकाळचे नऊ वाजले.” मावसबहीण म्हणाली, “मी पडदा बाजूला करते.” मी म्हणालो, “कर.” बाहेर चांदण्या होत्या. ज्या गोष्टीवर माणूस न विचारता विसंबलेला असतो ती काढून घ्या, राक्षस नंतर आला तरी चालेल.

याच डिसेंबरने मला आणखी एकदा पकडलं. पिरामिडेनच्या रिकाम्या इमारतींच्या खिडक्यांवर किट्टीवेक नावाचे समुद्रपक्षी घरटी करतात आणि प्रचंड कालवा करतात. ते वाचून मी अंधारात किंचाळणारे पक्षी घातले. पण ते पक्षी उन्हाळ्यातले, हिवाळ्यात समुद्रावर निघून जातात. दुरुस्त केल्यावर उरली ती रिकामी घरटी आणि शांतता, आणि एकदाच, तिसऱ्या मजल्यावरून, एक किंकाळी. आता ती पक्ष्याची असूच शकत नव्हती.

पळून का जात नाहीत?

‘नेटवर्क नाही’ एवढंच उत्तर देऊ नका, त्यावर कुणाचाही विश्वास बसत नाही. तिथल्या वस्त्यांना जोडणारे रस्तेच नाहीत. पिरामिडेनहून लाँगइयरबायेन साधारण 50 किलोमीटर, म्हणजे नाशिकहून इगतपुरीच्या थोडं पुढे, पण हिवाळ्यात जायचं ते स्नोस्कूटरने, वाटेत ध्रुवीय अस्वल भेटू शकतं म्हणून बंदूक घेऊन. बचावाची हेलिकॉप्टरं गव्हर्नरच्या कार्यालयाकडे असतात. मी रेडिओ चालू ठेवला. मदत मागू दिली. उत्तर आलं: “वादळ ओसरलं की निघतो.” मग दर अर्ध्या तासाने टेबलावरचा एक फासा उलटा करत गेलो, काही न बोलता. मदत मिळणारच नाही म्हटलं की माणसं हातपाय गाळून विनोद करायला लागतात. येतेय म्हटलं की वाट बघतात.

धागा एकच, तोही कुलपात

माझं सगळं रहस्य एका डायरीत होतं, आणि डायरी कुलपातल्या कपाटात. कुलूप उघडायचा फासा चारदा फसला आणि गोष्ट तिथेच रुतली. जस्टिन अलेक्झांडर या गेम-लेखकाचा नियम इथे कामाला येतो: प्लेअरनी जे समजायलाच हवं, त्याच्याकडे नेणारे किमान तीन धागे ठेवा. दोन त्यांच्या हातून सुटतात, तिसरा तरी हाती लागतो.

खेळाचे नियमही निवडून घ्या. 1974 पासून चालत आलेला डंजन्स अँड ड्रॅगन्स शूरवीरांसाठी उत्तम, पण ज्याच्याकडे जादूची तलवार आहे तो ओल्या बुटांना कशाला भिईल? 1981 च्या कॉल ऑफ क्थुलूमध्ये मनाचा तोल गुणांत मोजतात, माझं काम त्याने भागलं. ड्रेड नावाच्या खेळात फाश्यांऐवजी लाकडी ठोकळ्यांचा मनोरा असतो. ज्याच्या हातून तो पडला, त्याचं पात्र खेळातून गेलं. हा प्रकार फार छान, फक्त पंखा बंद करून खेळा.

मध्येच हशा पिकला तर चिडू नका, घाबरलेली माणसं आधी हसतातच. हसू द्या, पाणी प्या, आणि आवाज न चढवता पुढचं वाक्य बोला. खेळाआधी मात्र प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारा, की कुठला विषय नको. लहान मुलांचं काही नको, असं एकीने मला सांगितलं होतं. मी दोन पानं काढली आणि कुणालाही ती कमी पडली नाहीत.

शेवटी सगळं समजावून सांगायची खोड मला होती, बंड्या कोण, कसा मेला, वगैरे दहा मिनिटं. यंदाच्या जानेवारीत तसं केलं नाही. चौघं वाचले, लाँगइयरबायेनला पोचले. तिथे डोंगरांमुळे गावात ऊन पोचायला 8 मार्च उजाडतो आणि लोक जुन्या हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर सूर्य बघायला जमतात. त्या उन्हात उभं राहून ते हॉटेलवर परतले. मी म्हणालो, “दारात बूट काढा.” तिघांनी काढले. बागायतदार मित्राने पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “रॅकवर किती जोड आहेत?”