जुना कॉम्प्युटर चालूच होत नाही? ‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी दोन वायरी मोजा

हंगाम सुरू झाला की मोंढ्यातल्या आडत दुकानांतून बंद पडलेली मशिनं माझ्याकडे येतात. सोबत निदानही तयार असतं: “भाऊ, बोर्ड उडालाय म्हणे.” बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, सगळे भाग जोडलेली आतली मुख्य पाटी. बटण दाबलं, पंखा फिरला नाही, एवढ्यावरून हे ठरलेलं असतं. पण पंखा फिरत नसेल तर आधी संशय घ्यायचा तो एसएमपीएसवर (मागे कॉर्ड लागते तो, आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), बोर्डावर नाही.

आधी कॉर्ड बदला, सॉकेटला दिवा लावून लाइट येतेय का बघा, इन्व्हर्टरवर असेल तर थेट लाइटवर लावा. एसएमपीएसच्या मागे २३०/११५ लिहिलेला लाल स्विच असेल तर तो २३० वरच हवा. कॉर्ड काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग परत लावून बघा. तरीही नाही, तर कॅबिनेट उघडा आणि धूळ काढा.

रॅम काढून खोडरबराने घासत बसू नका. पंखे फिरतात पण स्क्रीनवर काही येत नाही, तेव्हाचा तो उपाय आहे. पंखाच फिरत नसताना त्याने काही होत नाही, उलट जुन्या स्लॉटची क्लिप तुटते.

आता खरं काम. एसएमपीएसची जाड चोवीस पिनांची केबल (फार जुन्यात वीस) काढून हिरवी आणि काळी वायर तारेने जोडायची, पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असं सगळे सांगतात. मीही वर्षानुवर्षं तेच करायचो. एका शाळेच्या लॅबमधल्या मशिनचा पंखा असाच छान फिरला. मी बोर्ड बाद ठरवला, जुना बोर्ड आणून बसवला, आणि तोही चालू होईना. दोन दिवस डोकं धरून बसलो. शेवटी केबल बोर्डाला जोडलेली ठेवून मोजलं तर जांभळ्या वायरवर ५ च्या जागी ३.६ व्होल्ट. केबल काढली की पुन्हा ५. शेजारच्या मशिनचा एसएमपीएस लावला आणि पहिलाच बोर्ड चालू झाला. बोर्डाचे पैसे मी शाळेकडून घेतले नाहीत. रिकाम्या एसएमपीएसचा पंखा फिरला म्हणजे फक्त पंखा फिरला, ओझं पेलतं की नाही हे त्यातून कळत नाही.

म्हणून मोजायचं ते केबल बोर्डाला जोडलेली असतानाच. मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) डीसी २० वर ठेवा. काळं टोक कॅबिनेटच्या रंग नसलेल्या स्क्रूला. लाल टोक कनेक्टरच्या पाठीमागून, वायरीच्या कडेने आत. तिथली फट अगदी बारीक असते, म्हणून मी लाल टोकाला शिवणाची सुई बांधतो आणि टोकाचे दोन मिलिमीटर सोडून बाकी सुईवर टेप गुंडाळतो. टेप विसरू नका, सुई सरकून दोन पिनांना एकदम लागली तर चांगला बोर्डही जाईल. हात कोरडे, पायात चप्पल.

जांभळी वायर: कॉर्ड लावली की बटण न दाबताही ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. कमी असतील तर दुसरा चालू एसएमपीएस लावून मोजा. त्यावर नीट आले तर जुना बाद, त्यावरही नाही आले तर बहुतेक बोर्डात शॉर्ट आहे.

जांभळी ठीक असेल तर हिरवी. बटण न दाबता तिच्यावर साधारण ३ ते ५ व्होल्ट दिसतात, बटण दाबल्यावर जवळपास शून्य व्हायला हवेत. शून्य झाले आणि तरी पंखा हलला नाही, तर बहुतेक एसएमपीएसच. झालेच नाहीत, तर बटणाची वायर बोर्डावरून काढून त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडा. मशीन चालू झालं तर फक्त बटण खराब आहे. इथेही काही झालं नाही, तरच बोर्डाचं नाव घ्या.

पंखा एक झटका घेऊन थांबत असेल तर हार्डडिस्क, सीडी ड्राइव्ह, जास्तीची कार्डं एकेक काढत जा. बोर्डावरचे कॅपॅसिटर (छोटी उभी नळकांडी) फुगलेत का तेही बघा.

काही कंपन्यांच्या जुन्या मशिनात वायरींचे रंग वेगळे असतात. तिथे अंदाजाने मोजू नका, त्याच मॉडेलचा एसएमपीएस लावून बघा.

एसएमपीएस स्वतः उघडू नका. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा असतो आणि कॉर्ड काढल्यावरही तो लगेच उतरत नाही.

नवा एसएमपीएस बसवल्यावर कॅबिनेटला हात लावून झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तुटलेलं किंवा कोरडं आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळते तेव्हा हे हमखास होतं. वायरमनकडून अर्थिंगची वायर तपासून घ्या आणि पाऊस पडेपर्यंत अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतत राहा.