बेळगावातून लेहला कॅम्पर ट्रक न्यायचाय? मग आधी एवढं करा

ट्रकवरची राहायची केबिन उद्यमबागेत ओळखीच्या वर्कशॉपमधे बांधून घ्या, पण आरटीओची परवानगी काढून आरसीवर बदल चढवायचा विसरू नका. दिल्लीपर्यंत एनएच ४८ सरळ हाय, त्यात सांगण्यासारखं काय नाही. खरी तयारी मनालीच्या पुढची.

अटल बोगदा ओलांडून तांदीला आलात की टाकी फुल्ल कराच, वर दोन कॅन पण भरा, तिथं पुढचा पंप ३६५ किमीवर असा बोर्डच लागतो आणि घाटात लोडेड ट्रक डिझेल किती खातो ते चोर्ला घाट चढलेल्याला सांगायला नको. बीएस ६ गाडीतलं डीईएफ (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते युरियाचं पाणी) उणे ११ अंशांला गोठतं, साधं डिझेल पण थंडीत दाट होतं, म्हणून जुलै ते सप्टेंबर यातच जावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उंची. आपलं बेळगाव साडेसातशे मीटरवर, आणि वाटेतली टांगलांग ला ही खिंड ५,३२८ मीटरवर! विरळ हवेची सवय व्हायला तांदीच्या पुढं जिस्पाला दोन रात्री राहा, त्याहून उंचावरच्या सरचूला मुक्काम शक्यतो टाळा. डोकं दुखायलंय म्हणून गोळी घेऊन वर चढू नका, खाली उतरा, यात हयगय केली तर जीव जातो.

थंडी वाजते म्हणून बंद केबिनमधे शेगडी पेटवून अजिबात झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कुकर घ्याच, तिकडं पाणी ८६-८८ अंशांलाच उकळतं, भात कच्चा राहतो. आणि सिम पोस्टपेड घ्या, आपलं प्रीपेड लडाखात चालत नाही, घरच्यांना हे निघायच्या आधीच सांगून ठेवा.