व्हेपचे स्वाद-अर्क आणि द्रव स्वीटनर स्वयंपाकात वापरताना या चुका टाळा

सिगारेट सोडण्यासाठी व्हेपकडे, म्हणजे ई-सिगारेटकडे, वळलेली ब्रिटनमधील काही माणसे पुढे तिच्यात भरायचे द्रव घरीच मिसळू लागतात आणि मग घरातल्या एखाद्या कपाटात आंबा, स्ट्रॉबेरी, कस्टर्ड अशा इवल्याशा बाटल्यांची रांग लागते. घरात कोणी केक-बिस्किटे करणारे असेल, तर त्या रांगेकडे त्याचे लक्ष जाणारच. आमच्याकडे भाच्याच्या कपाटातून हे अर्क माझ्या ओट्यावर आले. ही कल्पना अगदीच वेडगळ नाही. व्हेपसाठी विकले जाणारे बरेचसे अर्क मुळात खाद्यपदार्थांसाठीच बनवलेले असतात. आइस्क्रीम, गोळ्या आणि कॉफी यांच्यासाठी तयार झालेले स्वाद पुढे व्हेपवाल्यांनी उचलले. मात्र ओठांशी वाफ होऊन जाणारा थेंब आणि भांड्यातल्या पिठात पडलेला थेंब यांचे वागणे सारखे नसते.

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे, त्यामुळे तिथे या बाटल्यांचा प्रश्न सहसा येत नाही. पण व्हेपच्या अर्कांत स्वाद ज्या द्रवात विरघळवलेला असतो, ते प्रॉपिलीन ग्लायकॉल बेकिंगच्या दुकानात मिळणाऱ्या अनेक इसेन्सचाही आधार असते. म्हणून खालच्या चुकांपैकी निम्म्याअधिक चुका पुण्या-नागपुरातल्या ओट्यावरही तशाच घडतात.

बाटली कसली आहे ते न पाहणे

ही एकच चूक अशी आहे की जिच्यात पदार्थ बिघडण्यापेक्षा माणूस बिघडण्याची भीती अधिक. ब्रिटनमध्ये निकोटीनचे द्रव जास्तीत जास्त १० मिलिलिटरच्या बाटलीत विकता येते आणि स्वाद-अर्काची लहान बाटलीही नेमकी तेवढीच असते. घाईत दोन्ही सारख्याच दिसतात. त्यामुळे निकोटीन ज्या कपाटात आहे त्या कपाटातली कोणतीही बाटली स्वयंपाकघरात आणू नये. खाण्यासाठी वेगळी, सीलबंद बाटली विकत घ्यावी आणि ती मसाल्यांच्या डब्यांजवळच ठेवावी. तयार व्हेप द्रव, म्हणजे ओढण्यासाठी मिसळून ठेवलेले, निकोटीनविरहित असले तरी पदार्थात घालू नये. उघडलेल्या बाटलीत कोणाचा ड्रॉपर बुडाला होता याची खात्री कोणी द्यायची?

लेबलवर खाद्यपदार्थांसाठी योग्य असल्याचे स्पष्ट लिहिलेले असावे आणि घटकांची यादी असावी. ई १५२० म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल, ई ४२२ म्हणजे ग्लिसरीन, ई ९५५ म्हणजे सुक्रालोज हे कृत्रिम स्वीटनर, ई ६३७ म्हणजे इथाइल माल्टोल. भारतातल्या वेष्टनांवर हेच क्रमांक आयएनएस या अक्षरांपुढे येतात. यादीच नसेल, तर ती बाटली कितीही सुवासिक असली तरी परत ठेवावी.

गंमत अशी की सुरक्षिततेचा हिशेब इथे काही वेळा उलटा होतो. डायअसिटाइल या लोण्याच्या वासाच्या रसायनामुळे अमेरिकेतील मिसुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातील कामगारांना फुप्फुसांचा गंभीर आजार जडल्याचे २००० साली उघड झाले, आणि म्हणून व्हेपच्या अनेक कस्टर्ड-अर्कांतून ते काढून टाकण्यात आले. तो धोका श्वासातून वाफ आत घेण्याचा होता. लोण्यात ते निसर्गतःच असते आणि आपण ते खातोच. त्यामुळे केकसाठी व्हेपवाल्यांची ‘सुधारित’ आवृत्ती शोधून काढण्याचे कारण नाही. तिच्यातला लोण्याचा वास उलट फिका लागतो.

‘आइस’ हा शब्द वाचायचा राहून जाणे

ही माझी स्वतःची चूक. पाडव्याच्या आदल्या रात्री मी चक्क्यात आंब्याच्या अर्काचे चार थेंब घातले. वास हापूसच्या पेटीसारखा आला. दुसऱ्या दिवशी पंगतीत सासऱ्यांनी पहिला घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, “सूनबाई, श्रीखंड छान आहे, पण घशाला इतकं गार का लागतंय?” आंब्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत ‘आइस’ असे छापलेले होते. अशा अर्कांत पुदिन्याचा वास न देता केवळ गारवा देणारी द्रव्ये घातलेली असतात. गरम पुरीबरोबर हा गारवा फारच चमत्कारिक लागतो आणि तो कशानेही झाकता येत नाही. सरबतात किंवा कुल्फीत हेच द्रव्य कदाचित खपून जाईल, इतरत्र नाही.

मोजमापात व्हेपचा हिशेब लावणे

व्हेप द्रवात स्वादाचे प्रमाण शेकडा पाच ते पंधरापर्यंतही असते. तोच हिशेब केकच्या मिश्रणाला लावला, तर एक किलोत पन्नास ग्रॅम अर्क जाईल आणि केक कडू होईल. पदार्थात एक किलोला एक ग्रॅमपासून सुरुवात करावी आणि चव घेत वाढवावे. थेंब मोजण्यावरही भरवसा ठेवू नये, कारण प्रॉपिलीन ग्लायकॉलचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान पडतो आणि ड्रॉपर बदलला की मापही बदलते. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा फार महाग नसतो. चव घेण्याची घाईही करू नये: श्रीखंड, बटरक्रीम, चीजकेक अशा स्निग्ध आणि थंड पदार्थांत वास हळूहळू उतरतो, म्हणून रात्री फिका वाटलेला स्वाद सकाळी पुरेसा होतो.

स्वीटनरच्या बाबतीत तर मोजमाप चुकले की सगळेच चुकते. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड. समजा बाटलीतील द्रावण शेकडा दहाचे आहे. १०० ग्रॅम साखरेच्या गोडीसाठी सुमारे ०.१७ ग्रॅम सुक्रालोज लागते, म्हणजे द्रावण अवघे १.७ ग्रॅम. ‘एक मोठा चमचा तर घालायचाय’ असे म्हणून कोणी १५ ग्रॅम ओतले, तर ती ९०० ग्रॅम साखरेची गोडी झाली. शिवाय ‘स्वीटनर’ नावाच्या प्रत्येक बाटलीत सुक्रालोज असतेच असे नाही. काहींत प्रामुख्याने इथाइल माल्टोल असते. त्याला म्हातारीच्या केसांचा, जळत्या साखरेचा वास असतो, पण स्वतःची गोडी जवळपास नसते. गोड होईना म्हणून ते वाढवत गेले की बाकीचे सगळे स्वाद बोथट होतात आणि पदार्थाला जत्रेतल्या मिठाईचा एकसुरी वास तेवढा उरतो.

साखरेचे काम फक्त गोडी देणे आहे, असे समजणे

सर्वाधिक पदार्थ वाया जातात ते या समजुतीपायी, म्हणून इथे थोडे थांबू. काजूकतलीला एकतारी पाक लागतो. सुक्रालोज घातलेले पाणी तासभर उकळले तरी बोटांत तार धरणार नाही, कारण तार धरण्याएवढा ऐवजच त्यात नाही. नानकटाईत साखर पसरण्याचे आणि वरच्या तड्यांचे काम करते. ती काढली की भट्टीतून पांढुरके, आवळलेले गोळे बाहेर येतात. केकमध्ये लोणी आणि साखर फेटताना हवा धरली जाते, पुढे साखरच ओलावा टिकवते आणि वरचा तपकिरी रंगही बराचसा तिचाच. श्रीखंडात तर पिठीसाखर चक्क्याला सैल करते. स्वीटनर घातलेला चक्का घट्टच राहतो आणि त्यात थोडे दूध किंवा साय फेटून घालावी लागते.

म्हणून भाजायच्या पदार्थात सगळी साखर काढू नये. निम्मी ठेवावी, निम्म्याची गोडी स्वीटनरने भरावी आणि गेलेला ऐवज दूधपावडर, बदामाची पूड किंवा एरिथ्रिटॉल (साखरेसारखे दाणेदार स्वीटनर) यांनी भरून काढावा. एरिथ्रिटॉल जास्त झाले तर थंड झाल्यावर त्याचे स्फटिक दातांखाली कचकचतात, हेही लक्षात असू द्यावे. आणखी एक बाब गंभीर आहे: सुक्रालोज १२० ते २५० अंश सेल्सिअसला तापवल्यास क्लोरीनयुक्त हानिकारक संयुगे तयार होऊ शकतात, असे जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने २०१९ मध्ये म्हटले होते. मी तेव्हापासून सुक्रालोज भट्टीत घालत नाही. श्रीखंड, पन्हे, कस्टर्ड, आयसिंग यांतच वापरते. मधुमेही पाहुण्यांसाठी ‘बिनसाखरेचा’ केक करणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की मैदा तिथेच आहे.

अर्क भट्टीत पाठवणे

केळ्याच्या वासाचे प्रमुख रसायन आयसोअमाइल ॲसिटेट १४२ अंशांना उकळते, अननसाच्या वासातले इथाइल ब्युटिरेट १२१ अंशांना, तर व्हॅनिलिन २८५ अंशांना. केकचा गाभा शंभर अंशांच्या पुढे जात नाही हे खरे, पण फळांचे हलके वास पाण्याच्या वाफेबरोबरच निघून जातात. म्हणूनच घरभर अननसाचा घमघमाट सुटतो आणि कापलेल्या तुकड्यात फक्त अंडे आणि मैदा लागतो. व्हॅनिला, कॅरमेल, कॉफी यांसारखे जड वास भट्टीत टिकतात. फळांचे अर्क केक निवल्यावर पाकात, सारणात किंवा आयसिंगमध्ये घालावेत. अर्कात आंबटपणा नसतो हेही अनेक जण विसरतात. स्ट्रॉबेरी किंवा आंबा खोटा, गोळीसारखा लागत असेल, तर अर्क वाढवण्याऐवजी चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून पाहावे; बहुतेक वेळा तेवढ्याने फळ जागेवर येते.

चॉकलेटमध्ये अर्क थेट टाकणे

प्रॉपिलीन ग्लायकॉल पाण्यात मिसळते, तेलात नाही. वितळलेल्या चॉकलेटमध्ये त्याचे थोडे थेंब पडले की चकचकीत धार क्षणात रवाळ, घट्ट गोळ्यात बदलते. साच्यातल्या चॉकलेटसाठी तेलात विरघळणारे स्वाद वेगळे मिळतात, तेच घ्यावेत. (ते स्वाद मात्र कोणीही व्हेपमध्ये घालू नयेत, तेल फुप्फुसात जाणे धोक्याचे असते.) चॉकलेट गोळा झालेच, तर टाकून देऊ नये: त्यात गरम साय थोडी थोडी घालून घोटावी, म्हणजे त्याचे गनाश होते आणि स्वादही वाया जात नाही.

अर्क जास्त पडलेल्या पदार्थाला मात्र एकच उतारा आहे, तो म्हणजे तितकाच बिनस्वादाचा पदार्थ करून त्यात मिसळणे. त्या पाडव्याला मी दुसऱ्या दिवशी आणखी एक किलो दह्याचा चक्का बांधला, त्यात साखर, वेलची आणि केशर घातले आणि गार श्रीखंड त्यात कालवले. घशाचा गारवा निम्मा झाला, श्रीखंड दुप्पट झाले, आणि आम्ही ते चार दिवस खाल्ले.