दुकानाचा फलक, दिवे आणि दर्शनी भाग: परवानगीत अडकवणाऱ्या या चुका टाळा

फर्निचर झालं, उद्घाटनाची तारीख ठरली की पाटीवाल्याला निरोप जातो: "चार दिवसांत बोर्ड लागला पाहिजे." परवान्याचा विषय निघतो तो नोटीस दारावर चिकटल्यावर. तोवर लोखंड कापून, अक्षरं चिकटवून, पैसे देऊन झालेले असतात. आधी मापांसह नकाशा, मग परवानगी आणि शेवटी बोर्ड, हा क्रम उलटला की पुढच्या बहुतेक भानगडी सुरू होतात.

दिवा लावला की सूट गेली

आपल्याच जागेवर आपल्याच धंद्याची पाटी लावायला परवानगी कशाला, असं बरेच दुकानदार विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ चं कलम ३२८अ आणि बाकीच्या महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमाचं कलम २४५ अशा पाटीला सूट देतात. पण पाटी प्रकाशित नसावी आणि ती 'आकाशचिन्ह' नसावी, अशी अट आहे. साध्या पाटीत मागून एलईडी टाकली की सूट संपली. वरून फोकस मारला तरी पाटी प्रकाशितच धरली जाईल, असं गृहीत धरा.

आकाशचिन्ह म्हणजे खांबावर किंवा सांगाड्यावर उभारलेला, रस्त्यावरून पाहिलं तर मागे आकाश दिसणारा फलक. गच्चीच्या कठड्यावर उभे केलेले बोर्ड बहुधा यातच मोडतात. त्याची परवानगी एका वेळी जास्तीत जास्त दोन वर्षांची असते. त्यातली मेख अशी, की मंजूर फलकात परस्पर भर घातली किंवा बदल केला तर ती परवानगी रद्द ठरते. दिवाळीत कडेने लावलेली 'फक्त एक एलईडी पट्टी' हाही बदलच.

शीतपेयाच्या, रंगाच्या किंवा मोबाइलच्या कंपनीने दिलेला मोफत बोर्ड हा आणखी एक सापळा. अर्ध्या बोर्डावर कंपनीचं चिन्ह आणि खाली कोपऱ्यात दुकानाचं नाव असेल, तर निरीक्षक ती कंपनीची जाहिरात धरू शकतो आणि शुल्काचा तगादा दुकानदाराच्या मागे लागतो. 'फुकट ते पौष्टिक' इथे लागू होत नाही.

मराठी आहे, पण मापात नाही

दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली केलेल्या दुरुस्तीनुसार फलकावर देवनागरीतलं मराठी आधी हवं आणि त्याचं अक्षर इतर लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नको. दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही हे लागू आहे. दंड कामगारांच्या संख्येवरून ठरतो, माणशी २,००० रुपयांपर्यंत.

इथे चूक होते ती संगणकावर. डिझायनर दोन्ही लिपी एकाच पॉइंट साइजमध्ये टाकतो आणि रोमन कॅपिटल अक्षरं उंच दिसतात. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची मोजा, वेलांट्या आणि मात्रा धरू नका. ती रोमन कॅपिटलच्या उंचीइतकी किंवा जास्त ठेवा आणि दोन्ही मापं नकाशावर लिहा.

प्रकाशित अक्षरांत अनुस्वार दगा देतो. 'चिंतामणी'वरचा टिंब सुटा तुकडा असतो, आत एलईडीचं जेमतेम एक मॉड्यूल (दिव्यांची छोटी पट्टी) मावतं, वायरच्या भोकातून पाणी शिरतं आणि पहिल्याच पावसाळ्यात रात्री 'चितामणी' वाचायला मिळतं. टिंबाची वायर मागच्या बाजूने न्या आणि भोक सिलिकॉनने भरा.

बोर्डाचं वजन बघितलं, वाऱ्याचं नाही

भिंतीवर खरा जोर वाऱ्याचा येतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूलभूत वेग मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर आहे. दाबाचं ढोबळ सूत्र ०.६ गुणिले वेगाचा वर्ग (उत्तर दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये). म्हणजे २० बाय ४ फुटांच्या बोर्डावर पुण्यात सुमारे ६९० किलो आणि मुंबईत ८८० किलो जोर. हा फक्त अंदाज; उंची आणि आजूबाजूच्या इमारती धरून अंतिम हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरने करायचा.

सर्वांत जास्त फसतात ते अँकर, म्हणजे सांगाडा भिंतीला धरणारे बोल्ट. ७५ मिलिमीटरच्या अँकरपैकी २५ मिलिमीटर प्लास्टरमध्येच गेलं तर पकड उरते ५० ची, आणि खाली जुनी वीट असेल तर तीही भरवशाची नाही. सांगाडा आरसीसी तुळईला किंवा लिंटेलला धरा. १३ मे २०२४ ला घाटकोपरला कोसळलेलं होर्डिंग साधारण १२० बाय १२० फुटांचं होतं, कमाल मर्यादा होती ४० बाय ४०. त्या दुर्घटनेत १७ जणांचा जीव गेला. तेव्हापासून संरचना स्थिरतेच्या प्रमाणपत्राकडे कुणी 'एक कागद' म्हणून बघत नाही.

दिवे: जास्त, पांढरे, डोळ्यांत

समोरच्या इमारतीतून तक्रार येते ती बहुधा ६,५०० केल्व्हिनच्या पांढऱ्याफटक उजेडामुळे (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगछटेचं माप, आकडा कमी तेवढा उजेड पिवळसर). ३,००० ते ४,००० केल्व्हिन घ्या, फोकसचं तोंड खाली भिंतीकडे ठेवा आणि टायमर बसवा. झाडाला खिळे ठोकून माळा लावू नका, वृक्ष विभागाची वेगळी नोटीस येईल.

अर्धा बोर्ड मंद दिसत असेल तर दोष सहसा १२ व्होल्टच्या लांबलचक साखळीत असतो. वीस-वीस मॉड्यूलचे गट करून प्रत्येकाला स्वतंत्र वायर द्या. १.२ वॉटची ८० मॉड्यूल म्हणजे ९६ वॉट. पॉवर सप्लाय ८० टक्क्यांपेक्षा जास्त भारावर चालवू नये, म्हणून १५० वॉटचा घ्या. बोर्डाच्या तळाला ६ मिलिमीटरची निचऱ्याची भोकं, वायर खालून आत, सांगाड्याला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). यातली एखादी गोष्ट राहिली की पावसात 'बोर्डाला शॉक लागतो' हे ऐकायला येतंच.

एसीपीच्या आड झाकलेल्या खिडक्या

इमारत 'नवी' दिसावी म्हणून दर्शनी भाग एसीपीने (दोन ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये गाभा असलेल्या पॅनेलने) मढवतात आणि त्यामागे जिन्याची खिडकी जाते. आग लागली तर धुराची वाट बंद, अग्निशमन दलाचीही. पॉलिएथिलीन गाभ्याचा स्वस्त पत्रा स्वतःही पेटतो. सामासिक अंतरात (इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत) पुढे आलेला सांगाडा म्हणजे तर वेगळं अनधिकृत बांधकाम.

वारसा यादीतल्या इमारतीला हा खेळ चालत नाही. मुंबईत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ चा नियम ५२ लागू होतो. फोर्टमध्ये दादाभाई नौरोजी रोडवर कमानीच्या आत बसवलेले फलक बघून घ्या: दगडी काम उघडं राहतं आणि नावही वाचता येतं. भोक दगडात नको, चुन्याच्या सांध्यात घ्या. खिळे स्टेनलेस स्टीलचेच वापरा. साध्या लोखंडाचा गंज मालाड दगडावर उतरला की तो डाग जात नाही.

नोटीस आलीच तर

आधी कलम वाचा. हरकत परवानगीची, आकाराची, पुढे आल्याची की भाषेची, त्यावर उपाय ठरतो. प्रकाशित पाटीला परवाना नाही एवढाच आक्षेप असेल तर त्याच दिवशी पाटीची वीजजोडणी काढा, काढल्याचा फोटो तारखेसह ठेवा आणि परवान्याचा अर्ज करा. सोबत मोजपट्टी धरून काढलेला समोरचा फोटो, मापांचा नकाशा, जागामालकाची किंवा सोसायटीची ना हरकत आणि स्थिरता प्रमाणपत्र जोडा. अर्ज पुण्यात आकाशचिन्ह व परवाना विभागाकडे, मुंबईत आपल्या वॉर्डातल्या अनुज्ञापन (परवाना) विभागाकडे जातो. पोच घ्या आणि तिची प्रत दुकानातच ठेवा, कारण तोडायला येणारं पथक वेगळं असतं.