'मिठीत' की 'कवेत'

चित्रपटगीतासाठी गीतकार म्हणून पुरस्कार मिळाल्यापासून नव्या मुलांचे फोन येतात, 'माझ्याकडे दोनशे कविता आहेत, कुणाला दाखवू?' त्या जपून ठेवा, पण चित्रपटात बहुतेक वेळा चाल आधी येते. संगीतकार काहीतरी निरर्थक शब्द गाऊन मोबाइलवर पाठवतो, त्याला डमी म्हणतात. त्या मीटरमध्ये, म्हणजे चालीच्या मात्रांच्या मापात, प्रसंग सांभाळून, दोन दिवसांत मुखडा, म्हणजे गाण्याच्या सुरुवातीच्या ओळी, द्यायचा असतो.

पुरस्कार मिळालेल्या गाण्यात मुखड्याच्या शेवटी मी 'मिठीत' लिहिलं होतं. रेकॉर्डिंगला गायिका तिथे तीनदा अडली. सूर वरचा, लांब धरायचा, आणि 'ठी'वर गळा आवळला जात होता. काचेच्या अलीकडे उभं राहून मी ती ओळ स्वतः गुणगुणली आणि 'कवेत' केलं. मात्रा त्याच, अर्थ तोच, पण 'वे'वर तिचा आवाज मोकळा सुटला. तेव्हापासून प्रत्येक ओळ मोठ्यानं गाऊन पाहिल्याशिवाय मी पाठवत नाही. गाता येत नसलं तरी तुम्हीही गा. सरावाला रोज एका जुन्या गाण्याच्या चालीवर स्वतःचे शब्द बसवा. ओव्या, अभंग, लावण्या भरपूर ऐका.

नोकरी लगेच सोडू नका. हिंदी चित्रपटांचे गीतकार शैलेंद्रही माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये काम करत कविता लिहायचे. गीतकारासाठीचा पहिला फिल्मफेअर पुरस्कार १९५९ मध्ये त्यांनाच मिळाला.

आणि कराराचा कागद वाचा. पहिल्या चित्रपटाच्या वेळी मी न वाचता सही केली. थोडे पैसे एकरकमी मिळाले, श्रेयनामावलीत नाव आलंच नाही. आईला थिएटरात घेऊन गेलो होतो. दिवे लागले तरी ती पडद्याकडे बघत बसली होती.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा गीतकाराच्या बाजूनं आहे. चित्रपटगृहाबाहेर, म्हणजे रेडिओ, टीव्ही, ऑनलाइन, कुठेही गाणं वाजलं की रॉयल्टीत त्याचा हक्काचा वाटा असतो, आणि निर्मात्यानं लिहून घेतलं तरी तो हक्क सुटत नाही. मात्र घरबसल्या काही येत नाही. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घ्या, प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. शब्द कुणाला दाखवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे त्यांची नोंद करून ठेवा.

माझ्या पहिल्या रॉयल्टीच्या हिशेबात रक्कम किरकोळ होती, पण गाण्यापुढे गीतकार म्हणून माझं नाव छापलेलं होतं. तो कागद मी आईला वाचून दाखवला. तिनं तो घडी घालून देव्हाऱ्यात ठेवला.